पायऱ्या रिकाम्या हव्यात

कलाविद्यालयातल्या मुलांनी त्याचं नाव सरकामामा पाडलं होतं, आणि ते त्याने कमावलेलं होतं. नोकरी शिपायाची, पण दरवर्षी फोटोग्राफीची मुलं शहरातल्या जुन्या इमारती टिपायला निघाली, की कॅमेऱ्याचा स्टँड खांद्यावर टाकून मामा सगळ्यांच्या पुढे. इमारतीच्या फोटोत माणूस आलेला सरांना खपायचा नाही. तेव्हा "सरका हो जरा, दोनच मिनिटं" म्हणत जागा मोकळी करणं हे मामाचं काम. पेपर वाचणारे म्हातारे असोत की गप्पांत रंगलेली जोडपी, मामाने कुणाची भीडभाड ठेवली नाही. एकदा तर त्याने खुद्द फौजदाराला हलवलं होतं, आणि ती गोष्ट तो वर्षभर सांगत होता.

सहलीचा शेवटचा टप्पा म्हणजे सार्वजनिक वाचनालय. नक्षीचे खांब, रुंद दगडी पायऱ्या. त्या पायऱ्या पुसण्याच्या कामावर त्याचीच बायको होती. पोरांचे फोटो चांगले यावेत म्हणून त्या दिवशी ती जास्तच घासायची. मुलं पोचली की मामा तिच्याकडे न बघताच हात हलवायचा, "ए, आत जा. पायऱ्या रिकाम्या हव्यात." ती बादली उचलून खांबामागे जायची. सव्वीस वर्षं हेच चाललं.

यंदा सहलीच्या महिनाभर आधी ती गेली. तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. घरात तिचा धड फोटो नव्हता. ओळखपत्रावरचा होता, तो ओल लागून उडालेला. मुलगी म्हणाली, "बाबा, जन्म कॅमेऱ्यांत काढलात, आणि आईचा एक फोटो नाही?" मामाच्या ते जिव्हारी लागलं.

सहलीच्या दिवशी स्टँड दुसऱ्याच्या खांद्यावर देऊन तो विद्यालयाच्या कोठीत शिरला आणि जुन्या सहलींच्या फोटोंचे गठ्ठे सोडत बसला. वाचनालय दर गठ्ठ्यात होतं. पायऱ्या नुकत्या पुसलेल्या, ओल्या, रिकाम्या. आपण आपलं काम किती चोख केलं, हे बघून त्याला भडभडून आलं.

दुपारी रद्द फोटोंच्या पाकिटात एक सापडला. कुण्या उतावळ्याने बटण आधीच दाबलं होतं. सरांनी त्यावर लाल फुली मारली होती. बादली घेऊन ती पायरीवर उभी होती, आणि चक्क हसत होती. कडेला खाकी बाहीतला एक हात.

घरी मुलीने फोटो दिव्याखाली धरला. "हात तुमचा ना?"

"माझाच. तिला आत घालवत होतो," मामा म्हणाला. "स्टुडिओत सांग, तेवढा हात काढून टाका म्हणावं."

"मग आई हसतेय कुणाकडे बघून?" मुलीने विचारलं.