उमरठच्या कॅमेऱ्यातला न काढलेला फोटो

या ग्रुपवरचे अनुभव मी जेवताना वाचतो, करमणूक म्हणून. पैंजणांचा आवाज, घाटात लिफ्ट मागणारी बाई... भुतांना नवीन काही सुचत नाही आणि लिहिणाऱ्यांना तर नाहीच. तेव्हा आज मीच लिहायला बसलोय याची मला मनापासून लाज वाटते.

महाडला माझं कॅमेरा दुरुस्तीचं दुकान आहे. जुने रोलचे कॅमेरे घ्यायचे, सर्व्हिस करायचे, विकायचे. गिऱ्हाईक म्हणजे पुण्या-मुंबईची पोरं — सेल उलटा घालतात आणि वर मला 'विंटेज' म्हणजे काय ते शिकवतात! गेल्या मे महिन्यात असाच एक कॅमेरा घ्यायला उमरठजवळच्या वाडीत गेलो. विकणाऱ्या सुमनताई पासष्टीच्या. नवरा फोटोग्राफर, अडतिसाव्या वर्षी तापाने गेला. त्याला तीस वर्षं होत आली.

"आत रोल हाय," त्या म्हणाल्या. "यांनी गावभर मयताचेसुद्धा फोटो काढले, पन सोताचा एक नाय. मी एकदाच बटन दाबलेलं, हितं दारात उभं करून. तेवढा धुवून द्या भाऊ, कॅमेरा तुमचा. भिंतीला लावायला काय तरी हवं ना."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, हिला काय कळतंय रोलमधलं!

मागचं झाकण उघडण्याआधी रिवाइंडची चावी फिरवून बघतात. घट्ट लागली तर आत रोल आहे. शिकाऊ माणसालाही हे ठाऊक असतं. पण फोटो मोजणारा आकडा शून्यावर, शटर जाम, म्हणजे रोल नसणारच असं धरून... मी दुकानाच्या दारात, भर दुपारी झाकण उघडलं. आत रोल होता. काढलेले सगळे फोटो उजेड लागून क्षणात जळाले. आयुष्यभर दुसऱ्यांना गाढव म्हणत आलो, त्याचं चांगलं फळ मिळालं.

तरी रोल धुतला. जळालेला भाग काळाठिक्कर. डबीत गुंडाळलेला उरलेला भाग कोरा निघायला हवा, कारण तो लेन्ससमोर कधी आलेलाच नसतो. कोराच होता — एक फोटो सोडून. तो कागदावर छापला. दारात उभा एक म्हातारा, केस पांढरेशुभ्र. असेल सासरा-बिसरा, म्हटलं. हाच देऊन वेळ मारून नेऊ.

वाडीत जाऊन फोटो दिला. सुमनताईंनी तो चष्मा लावून बघितला.

"हेच. भुवईवर कोयत्याची खूण हाय बघा." मग बोट केसांवर ठेवलं. "पन हे कधी पिकले?"

मी फोटो पुन्हा बघितला, मग समोरचं दार बघितलं. फोटोत चौकटीशेजारी विजेचा नवा मीटर होता. तोच मीटर तिथे होता. दोन वर्षांपूर्वी बसवला, असं त्याच म्हणाल्या.

मग मात्र थाप मारवली नाही. "ताई, तुम्ही काढलेला फोटो माझ्या हातून जळाला. हा कुठून आला, मला माहीत नाही." त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या.

लाइट लीक, डबल एक्स्पोजर — तुम्ही जे जे सुचवाल ते मला तुमच्याआधी सुचलेलं आहे, तेव्हा कृपा करून शिकवू नका. मला अजून उलगडा झालेला नाही. कॅमेरा मी घेतला नाही, त्यांना परत दिला.

मी निघालो तेव्हा त्या फोटो भिंतीवर धरून उभ्या होत्या.

"भाऊ," त्यांनी विचारलं, "याला हार घालू का नको?"