खारीची गोधडी

आमच्या घरात खारीची आणि गोधडीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण ती जशी घडली तशी मी आजवर कुणाजवळ बोललेली नाही — नवऱ्याजवळ नाही, मुलीजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळही नाही. तुम्हाला सांगतेय. आत्ताच का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

मी पाचोऱ्याची. लग्न होऊन धुळ्याला आले, देवपुरात. हे तिथे हायस्कुलात शिक्षक होते. भाड्याच्या दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्याला लोखंडी जाळी. मूळ सासर साक्रीच्या पलीकडे, खेड्यात. तिथे शेत, थोरले दीर-जाऊ आणि सासूबाई. सासूबाईंना सगळं गाव अक्का म्हणायचं, म्हणून मीही अक्काच म्हणायची.

खारी आमच्याकडे आली ती लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात. शाळेच्या आवारात कुत्रीचं भिजलेलं पिल्लू ह्यांना सापडलं, ते सायकलच्या हँडलला लावलेल्या पिशवीतून घरी आणलं. बेकरीतल्या खारीसारखा रंग, आणि दूध लावलं तरी तोंड फिरवायची, चहात बुडवलेली खारी दिली की मात्र बोटांसकट चाटायची. मग दुसरं नाव कशाला शोधायचं? दिवसभर माझ्या पायांत. मी भांडी घासायला बसले की शेजारी बसून पाण्याचे शिंतोडे अंगावर घ्यायची. नव्या गावात माझी पहिली मैत्रीण तीच — हे सांगायला आज लाज वाटते, कारण पुढे मी तिच्याशी जे केलं ते मैत्रिणीशी कोणी करत नाही.

तिची झोपायची जागा दाराजवळ, एका गोणपाटावर. गहू आणलेलं जुनं पोतं ते. तिला दुसरं काही चालायचं नाही. पोतं धुवून वाळत घातलं तर ते वाळेपर्यंत दोरीखाली बसून राहायची. हे पोतं लक्षात ठेवा.

मला दिवस गेले होते, त्या उन्हाळ्यात अक्कांनी गोधडी शिवायला घेतली. आमच्याकडे गोधड्या उन्हाळ्यातच व्हायच्या — शेतात काम नसतं, दुपार मोठी असते. मी चैत्रात गावाला गेले होते तेव्हा पाहिलं. सारवलेल्या जमिनीवर अक्कांनी आपली विटलेली लुगडी अंथरली, एकावर एक, चारही टोकांना वरवंटा, खलबत्ता, असलं जड काही ठेवलं, आणि कडेपासून मध्याकडे टाके घालत निघाल्या. एक टाका दुसऱ्याहून लहान नाही की मोठा नाही. मधल्या थरात एक पांढरं, मऊ झालेलं धोतर होतं. ते सासऱ्यांचं. मी सासऱ्यांना पाहिलेलं नव्हतं, माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी ते गेले. अक्कांनी ते धोतर पेटीत जपून ठेवलं होतं आणि नातवंडासाठी बाहेर काढलं. “पोर आजलाना मांडीवर झोपी,” असं त्या म्हणाल्या — पोर आजोबांच्या मांडीवर झोपेल. हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही.

श्रावणात पाचोऱ्याला मुलगी झाली. दसऱ्यानंतर मी तिला घेऊन देवपुरात परत आले, आणि दिवाळीला हे गावाहून गोधडी घेऊन आले. लाल काठाची, जाड, चुलीच्या धुराचा आणि कडुनिंबाच्या पाल्याचा वास असलेली. हात लावला तर ऊबच लागायची. धुळ्याचं ऊन सगळे सांगतात, थंडी कोणी सांगत नाही. कार्तिक निघाला की पहाटे फरशीवर पाय ठेववत नाही. पहिले काही दिवस माझी मुलगी त्याच गोधडीत झोपली, आणि छान झोपली.

मग समोरच्या वहिनी आल्या.

त्या वाईट नव्हत्या, हे आधीच सांगते. त्यांचे मिस्टर कॉलेजात प्राध्यापक. वहिनींच्या घरी टीव्हीवर क्रोशाचं कव्हर, पाण्याच्या माठावर क्रोशाचा रुमाल, आणि त्या सगळं स्वतः विणायच्या. मला लोकर विणायला त्यांनीच शिकवलं. दुपारी सुया घेऊन येत, मुलीच्या स्वेटरचे टाके मोजून देत. मला त्यांच्यासारखं व्हायचं होतं — त्यांच्यासारखं बोलायचं, त्यांच्यासारखा चहा कपबशीत द्यायचा. नवीन लग्न झालेल्या बाईला असं काय काय व्हायचं असतं, नाही का?

त्या दिवशी गोधडी ओट्यावर उन्हात घातली होती. वहिनींनी तिचं टोक उचलून पाहिलं आणि सहज विचारलं, “केवढी जड आहे हो. ही कुणाला?”

काय उत्तर द्यायचं होतं? माझ्या सासूने नातीसाठी शिवली, एवढंच. पण मला एकदम तो धुराचा वास आला. विटलेल्या लुगड्याच्या ठिगळाकडे माझं लक्ष गेलं. आणि मी म्हणाले — “ती होय? ती खारीला.”

“किती लाड कुत्रीचे,” वहिनी हसल्या, आणि आम्ही बाहीचे टाके मोजायला बसलो.

आता एकदा बोलले म्हटल्यावर? वहिनी रोज यायच्या. दुसऱ्या दिवशी गोधडी मुलीच्या अंगाखाली दिसली असती तर? त्या संध्याकाळी मी खारीचं पोतं उचलून न्हाणीमागे टाकलं आणि गोधडी दुमडून दाराजवळ अंथरली. ह्यांना सांगितलं, गोधडी जड होते पोरीला, कपाटात ठेवलीय. हे सकाळच्या शाळेला अंधारात निघायचे, संध्याकाळी शिकवण्या करून यायचे. त्यांच्या यायच्या आत मी ती उचलून ठेवायची, आणि सकाळी ते गेले की परत अंथरायची. माझी मुलगी दुकानातल्या गुलाबी ब्लँकेटमध्ये.

आणि खारी? खारी त्या गोधडीवर बसेना. हे मला सांगायचंच आहे. ती हुंगायची आणि बाजूला गार फरशीवर अंग टाकायची. मी तिला पट्ट्याला धरून वर ओढलं, ती उतरली. शेवटी बेकरीतल्या खारीचे तुकडे गोधडीवर टाकून टाकून मी तिला सवय लावली. चांगले काही दिवस लागले. ती शिकली — मी सांगत होते म्हणून शिकली.

संक्रांतीच्या तोंडावर अक्का न कळवता आल्या. साक्रीहून सकाळच्या एसटीने, डोक्यावर बाजरीच्या पिठाचं आणि तिळाचं गाठोडं. रविवार होता, हे घरी होते, पण आंघोळीला गेलेले. समोर वहिनींचं दार उघडं होतं, म्हणून हे न्हाणीत शिरताच मी गोधडी अंथरली होती. अक्का जाळी उघडून आत आल्या आणि दाराजवळच थांबल्या. खारी गोधडीवर झोपली होती. लाल काठ मातीने काळा झाला होता, एका कोपऱ्याचे टाके उसवून आतलं पांढरं धोतर बाहेर आलं होतं.

गाठोडं अक्कांच्या डोक्यावरच होतं, ते उतरवून घ्यायचंही मला सुचलं नाही. हे टॉवेल गुंडाळून बाहेर आले, त्यांनीही पाहिलं. “ही इथे कशी?” त्यांनी मला विचारलं.

मी म्हणाले, “खारीने ओढून आणली. रोज ओढते. किती हाकललं तरी त्याच्यावरच येऊन झोपते.”

सलग म्हणाले. अडखळलेसुद्धा नाही.

ह्यांनी चप्पल उचलली. त्यांनी खारीला त्याआधी कधी बोट लावलं नव्हतं. तीही पळाली नाही, तिला वाटलं खेळच आहे. पहिला फटका बसला तेव्हा ती ह्यांच्याकडे नाही, माझ्याकडे आली. माझ्या लुगड्यामागे लपली — माझ्या! आणि मी बाजूला झाले. एक पाऊल. तिला मार बसावा म्हणून नाही, पण झाले.

अक्कांनीच ह्यांचा हात धरला. “मारू नको रे तिले. मुकं जनावर शे, तिले काय समजस?”

मग त्यांनी पाणी तापवलं, सोडा टाकला आणि गोधडी धुवायला घेतली. मी धुते म्हटलं तर, “तू पोरले देख,” म्हणाल्या. दोन दिवस ती गच्चीवर वाळत होती. तिसऱ्या दिवशी अक्कांनी उसवलेला कोपरा शिवला, नात त्यावर निजवली आणि तिच्या शेजारी आडव्या झाल्या. हे मात्र खारीवर धुसफुसतच होते, हिला कुठेतरी लांब सोडून येतो म्हणत होते. तेव्हा अक्का म्हणाल्या, मी नेते गावाला. तिथे शेत आहे, मोकळं आहे.

गावातला एक जण मिरची घेऊन धुळ्याच्या मार्केटला आला होता, त्याच्या रिकाम्या टेम्पोतून दोघी गेल्या. खारीची दोरी माझ्या हातात होती. अक्का पुढे बसल्या आणि दोरीसाठी हात पुढे केला. तेव्हा सांगता आलं असतं. समोर वहिनी नव्हत्या, हे शाळेत होते, टेम्पोवाला मागची फळी लावत होता, आम्ही दोघीच होतो. मी दोरी दिली. आत येऊन न्हाणीमागचं पोतं आणायला गेले — निदान ते बरोबर द्यावं म्हणून — तर ते उंदरांनी खाल्लेलं. बाहेर आले तोवर टेम्पो वळला होता.

तुम्हाला वाटेल, खारीचे तिथे हाल झाले. नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही गावाला गेलो तर मला ओळखून ती वाटेपर्यंत धावत आली, हात चाटले, भोवती फिरली. अंग भरलं होतं. अक्कांनी तिच्यासाठी छोटी गोधडी शिवली होती, आणि ती दिवसभर अक्कांच्या मागे. अक्का शिवायला बसल्या की ती टाक्यांच्या मधोमध येऊन लोळायची, मग अक्का तिच्या भोवतीने शिवायच्या.

तिथेच ती गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली. दुपारी बाया जमल्या होत्या, आणि अक्का त्यांना सांगत होत्या — धुळ्याला सूनबाईकडे दुकानातली ब्लँकेटं, चादरी, बठ्ठं काही होतं. पण ही कुत्री तिकडे बघेचना. रोज ओढून आणायची ती माझीच गोधडी. सून हाकलून दमली. “जनावरले माया समजस,” असं म्हणून त्यांनी खारीच्या डोक्यावर हात फिरवला. बाया हसल्या. मीही हसले.

कळतंय ना तुम्हाला? माझं खोटं त्यांनी माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या मनाने घेतलं होतं. मी ते स्वतःला वाचवायला बोलले, आणि त्यांना त्याच्यात आपल्या हाताचं कौतुक सापडलं. दर उन्हाळ्यात गोष्ट वाढत गेली. माझी मुलगी मोठी झाली तशी तीच म्हणायची, आजी, खारीचं सांग. मग गोधडी अंगावर ओढून ऐकायची. आता हे मोडायचं कसं, असं मी स्वतःला सांगायचे. पण खरं विचाराल तर त्यांच्या सुखासाठी मी गप्प होते का? नाही. पहिल्या वर्षी नुसती भीती होती, नंतर सवय झाली.

खारी म्हातारी होऊन गेली. अक्कांनी तिला बांधावरच्या बोरीखाली पुरलं, त्या छोट्या गोधडीत गुंडाळून.

अक्कांना पुढे दम्याने गाठलं. शेवटचा हिवाळा त्या आमच्याकडेच होत्या, देवपुरात. एका दुपारी नात्यातल्या दोन बाया भेटायला आल्या. बोलता बोलता अक्कांनी खारीची गोष्ट काढली, पण दोन वाक्यांतच धाप लागली. त्यांनी माझ्याकडे हात केला. “तू सांग वं मंगल. तुना समोरनी गोट शे.” तुझ्या डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट आहे, असं.

तोवर मी कधी ती तोंडाने सांगितली नव्हती. फक्त ऐकून हसले होते. आता सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, अक्कासुद्धा. मी सांगितली. पोतं सोडून कशी यायची, दोरीवरून कशी दातांनी ओढायची, मी कपाटात ठेवली तर दारावर कशी पंजे मारायची — कपाटाचं तर अक्कांनाही माहीत नव्हतं, ते मी त्या वेळी तयार केलं. अक्कांनी डोळे मिटले होते, आणि त्या हसत होत्या. बाया गेल्यावर म्हणाल्या, “बरी सांगी वं तुनी.”

मी त्यांच्या उशाखालचा तक्क्या नीट केला आणि भाकरी टाकायला गेले.

आखाजीच्या आधी अक्का गेल्या. खारीने ती गोधडी कधीही ओढली नाही. माझ्या सासूने माझ्या मुलीसाठी शिवलेली गोधडी शेजारणीसमोर लाज वाटली म्हणून मी कुत्रीला घातली, आणि मार कुत्रीला खाऊ दिला. सांगायला वेळ मिळाला नाही, असं म्हणायची सोय नाही. वेळ पुष्कळ होता. त्या दुपारी तर अक्कांनी स्वतःच मला सांग म्हटलं होतं.