बद्द वाजणारा रुपया

जगातली कुठलीही वस्तू आमच्या व्याहीबुवांसमोर ठेवा, त्यांनी तिला नाव ठेवलं नाही तर मी माझं नाव लावणार नाही. माझ्या मुलाचे हे सासरे लातूरला असतात. डाळमिलीत आलेल्या तुरीची प्रत ठरवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, म्हणजे चार दाणे दाताखाली फोडायचे आणि "वल्ली हाय" म्हणून समोरच्याचं तोंड पाडायचं. निवृत्त झाल्यावर नाकारायला तूर उरली नाही, तेव्हा हा गृहस्थ जुन्या चांदीच्या नाण्यांकडे वळला. भिंग, लोहचुंबक आणि सोनाराचा छोटा काटा सदऱ्याच्या खिशात कायम. पेन मात्र दुसऱ्याकडे मागतात.

नाणं ते फक्त कडेनं धरतात. कुणी त्याच्या तोंडावर बोट टेकवलं, तर देवाला पाय लागल्यासारखे बघतात. मग बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्यानं हलकासा टोला, डोळे मिटलेले, कान तिकडे. चांदी चोख असली की सूर लांबत जातो, नसली की बद्द आवाज येऊन जागीच मरतो. एका गुरुजींनी निजामाच्या वेळचा हाली रुपया चिंचेनं घासून लख्ख करून आणला होता. "गुरुजी, हे नाणं न्हाई राहिलं, पातेलं झालं. काळेपणा म्हंजे त्याचं वय होतं, ते तुम्ही मोरीत सोडलं." दुसरा एक जण मोबाइलवरचे व्हिडिओ बघून, चारमिनार छापलेला तसाच रुपया घेऊन, आता लखपतीच झालो अशा थाटात आला. त्याला म्हणाले, "ह्यातला चारमिनार हैदराबादचा न्हाई, गणपतीच्या देखाव्यातला हाय." आणि साखरपुड्यात सुनेच्या ओटीत आम्ही घातलेलं लक्ष्मीचं नाणं या माणसानं भर पंगतीत ताटावर वाजवून "जर्मन हाय", म्हणजे चांदी नव्हेच, असा निकाल दिला. ते खरंच तसं निघालं, म्हणून तर माझा राग अजून जात नाही.

मागच्या दिवाळीनंतर ते नांदेडला आमच्याकडे आले आणि माझ्या आईनं देव्हाऱ्यातला डबा त्यांच्यापुढे सरकवला. डब्यात एकच हाली रुपया, आजीनं सूनमुख पाहताना आईला दिलेला. थोरल्या काकूलाही तिच्या लग्नात तसाच मिळाला होता. काकूनं दोन्ही रुपये पाट्यावर टाकून पाहिले. तिचा खणखणला, आईचा बद्द वाजला. झालं! धाकटी गरिबाघरची म्हणून म्हातारीनं खोटा रुपया दिला, ही गाठ आईच्या मनात बसली ती बसलीच. आजी गेली, काकू गेली, पण दर लक्ष्मीपूजनाला तो रुपया राखेनं घासताना आई सासूला चार शब्द सुनावतेच.

"येवाईबुवा, खरं सांगा," आई म्हणाली, "माझी सासू खोटी होती का?"

मी डोळ्यांनी खुणावलं. गोड बोला म्हणून. पण खुणा कळतील तर ते आमचे व्याही कसले! त्यांनी टोला दिला. बद्द. "बघा!" आई म्हणाली, आणि इतकी वर्षं आपलंच खरं होतं म्हणणाऱ्या त्या माउलीचा चेहरा उतरला. व्याहीबुवांनी चुंबक लावलं, वजन केलं. मग भिंगातून नुसती कड बघत बसले. चहा थंड झाला.

"माय, सासूबाईंच्या गळ्यात काय होतं?"

"रुपयांचा हार. मी आले तवा मधली जागा रिकामी होती, दोऱ्याला गाठ मारलेली."

"मग ही बघा जागा. हितं दोऱ्यात ओवायला कान जोडलेला होता, नंतर काढला. जोडाचा डाग ऱ्हायला, म्हणून बद्द वाजून राहिलाय. चांदी अस्सल हाय. थोरलीला पेटीतला दिला असंल. तुम्हाला गळ्यातला दिला."

माझं मन भरून आलं, आणि व्याहीबुवा पुढे लगेच म्हणाले, "पण नाणं म्हणून कामातून गेलं. डाग हाय, वर तुम्ही राखेनं चारमिनार सपाट केला. बाजारात कुत्रंबी विचारणार न्हाई." बोलता बोलता समईतही त्यांनी खोट काढलीच.

आई मात्र तिथंच बसून होती. "मग सांगितलं का न्हाई म्हातारीनं?" एवढंच तिनं विचारलं. व्याहीबुवांनी भिंग पुसलं, परत पुसलं.

यंदा लक्ष्मीपूजनाला आईनं रुपया घासला नाही. काळाच मांडला. सगळे फटाक्यांना बाहेर गेल्यावर तिनं तो पाट्यावर टाकला आणि कान लावला. बद्द. आवाज तर लगेच संपला, पण ती तशीच वाकून ऐकत राहिली.