आखितीचं पाणी

यंदाची वैशाख शुद्ध तृतीया, सकाळचे आठ. दक्षिणा एकशे एक रुपये ठरलेली. ओटीवर तिघं: मी, आई आणि भटजी.

पाटावर मातीचा घडा होता, अजून कोरडा. तो भरून वडिलांच्या नावाने द्यायचा, मगच घरात वर्षाचा पहिला आंबा कापायचा. पाणी आपल्याच विहिरीचं हवं, असं आईचं म्हणणं. काशीदजवळच्या आमच्या समुद्रकाठच्या वाडीत वडिलांनी ती स्वतः खणली होती. सव्वीस फूट, दोन उन्हाळे. जाताना त्यांनी तिचंच पाणी मागितलं होतं.

"क्षय म्हणजे झिजणं, संपणं," भटजी मला सांगत होते. "आज दिलेलं संपत नाही, म्हणून अक्षय्य तृतीया."

"आमच्यात आखिती म्हंतात," आई म्हणाली. "अखेरची तीज. विहिरीतल्या जुन्या पाण्याची अखेर. सासूबाई सांगायच्या."

भटजी हसले. "आजी, तुम्ही सणाचा अर्थच उलटा केलात!"

"तुमच्या पोथीत विहीर हाय का?"

मी कळशी सोडली. पूर्वी बारा हात दोर पुरायचा. आता सोळा हात सोडला तेव्हा कुठे कळशी अर्धी भरली. आईने ओंजळीत घेऊन चाखलं. थुंकली नाही, गिळलं.

"खारं हाय."

"गेल्या वर्षी थोडं मचूळ होतं," मी म्हणालो.

"औंदा खारं हाय. त्यांना ह्ये न्हाय पाजायचं."

कळशीतलं पाणी तिने तुळशीपासून लांब नेऊन ओतलं.

चार वर्षांत आमच्या विहिरीभोवती पाच बोअर झाल्या, सगळ्या पर्यटकांच्या खोल्यांसाठी. चार शेजाऱ्यांच्या. पाचवी माझी. आता तिलाही खारंच पाणी येतं. आईने बोअरचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

दहाला खोल्यांसाठी टँकर आला. त्याच्या पाइपखाली मी घडा धरला. मंत्रात 'अक्षय्य' आलं तेव्हा भटजींनी आईकडे पाहिलं; ती घड्याकडे बघत होती. नंतर आंबा कापला. तिने फोड घेतली नाही.

भटजींना एकशे एक दिले. टँकरवाल्याला नऊशे, घड्याचे त्याने वेगळे घेतले नाहीत.