परवाना क्रमांकाचा रकाना

मी उज्जैनच्या एका सरकारी कॉलेजात गणित शिकवतो. त्याशिवाय रविवारी आणि सुट्यांमध्ये मी आणखी एक काम करतो, ज्याला माझी बायको ‘तुमचं कीर्तन’ म्हणते. आसपासच्या कॉलेजांत जाऊन संशोधन करणाऱ्या मुलामुलींना सांगतो, की विज्ञानातली मोठी आकडेमोड करायला विकतचं सॉफ्टवेअर लागत नाही. पायथनसारखी भाषा आहे, तिच्यासाठी जगभरच्या लोकांनी लिहून ठेवलेली साधनं आहेत. ती कुणीही उतरवून घ्यावी, उघडून आत बघावं, चुकलं असेल तर दुरुस्त करून पुढच्याला द्यावं. पिशवीत जुना लॅपटॉप, चार पेन ड्राइव्ह आणि एक लांब एक्स्टेंशन वायर असते, कारण आम्हाला ज्या खोलीत बसवतात तिथला प्लग नेहमी फळ्यामागे असतो.

ऐकणारे मान हलवतात. चहा येतो. मग एखादे प्राध्यापक विचारतात, हे सगळं फुकटचं, मग याची जबाबदारी कुणाची? मी सांगतो, आत काय लिहिलंय ते तुम्हाला दिसतं, म्हणून जबाबदारी तुमची. हे उत्तर मी वर्षानुवर्षं एका दमात देत आलो. अलीकडे ते देताना जीभ अडखळते. त्याचं कारण एकदा नीट लिहून काढावं म्हणून बसलो आहे.

माझ्या हाताखाली एक मुलगी पीएचडी करत होती. उज्जैनजवळच्या भैरवगढची. घरात पिढ्यान्‌पिढ्या ठप्प्यांची छपाई. लाकडी ठप्पा कापडावर बसला की रंग त्याच्या कडेबाहेर थोडा सरकतो. किती सरकेल, कुठल्या दिशेने, कापड किती ओलं असताना, हे तिचे वडील नजरेने सांगत. तिला ते गणिताने सांगायचं होतं. कापडाच्या बारीक बारीक चौकटी कल्पायच्या, प्रत्येक चौकटीतला रंग क्षणाक्षणाला शेजारच्या चौकटीत किती जातो ते मोजायचं, आणि हे लाखो वेळा संगणकाकडून करून घ्यायचं. विषय तिचा, कल्पना तिची. मी तिला मुक्त साधनांवर आणलं आणि सुरुवात सोपी व्हावी म्हणून माझ्या कार्यशाळांत वाटतो तो छोटा प्रोग्राम दिला. रंग शेजारच्या चौकटीत कसा जातो, तेवढाच भाग त्यात होता. बाकीचा डोलारा तिने स्वतः उभा केला. मी तिला ‘बेटा’ म्हणायचो. इकडे सगळेच शिक्षक म्हणतात, पण माझ्या तोंडी ते मनापासून होतं.

पहिली चित्रं तयार झाली तेव्हा आम्ही ती तिच्या घरी घेऊन गेलो. वडील छपाईच्या मेजापाशी उभे होते, कोपरापर्यंत हात लाल. त्यांनी कागद हातात न घेता लांबूनच बघितला आणि म्हणाले, “मास्साब, आड़े में रंग इससे ज़्यादा भागता है।”

मी हसून सांगितलं की हे आकडे पक्के आहेत, कदाचित तुमच्या कापडाची खळ नीट निघाली नसेल. ते पुन्हा ठप्पा उचलून कामाला लागले. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी तेव्हा ते मनावर घेतलं नाही.

प्रबंध झाला. तो सादर करायच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता: वापरलेलं सॉफ्टवेअर आणि त्याचा परवाना क्रमांक. चोरीच्या प्रती वापरू नयेत म्हणून कधीतरी कुणीतरी तो घातला असणार, हेतू चांगलाच. पण मुक्त साधनाला असा क्रमांक नसतो. तिने रकाना रिकामा ठेवला, फॉर्म परत आला. तिने ‘लागू नाही’ लिहिलं, फॉर्म परत आला. मग मी स्वतः दीड पानाचं पत्र जोडलं, की मुक्त परवाना म्हणजे काय आणि तो कायदेशीर कसा असतो. तेही पत्रासकट परत. विद्यापीठाच्या खिडकीतल्या बाबूंचा यात दोष नव्हता. त्यांच्या संगणकावर तो रकाना भरल्याशिवाय पुढचं पानच उघडत नव्हतं. “ये खाना खाली नहीं छोड़ सकते सर,” एवढंच ते म्हणत, तेही कंटाळून.

चौथ्या दिवशी शेवटची तारीख होती. आमच्या विभागाने फार पूर्वी एक विकतचं पॅकेज घेतलं होतं. ते ज्या संगणकावर होतं तो कधीच बंद पडला होता, पण खोका कपाटावर होता आणि त्यावरचं क्रमांकाचं स्टिकर शाबूत होतं. मी स्टुलावर चढलो, धूळ पुसली आणि तो क्रमांक माझ्या पेनने, माझ्या अक्षरात फॉर्मवर लिहिला. मग तिला म्हणालो, प्रबंधातही तिसऱ्या प्रकरणात सॉफ्टवेअरबद्दलचं वाक्य बदल, दोन्हीकडे जुळायला हवं.

ती म्हणाली, “सर, पर उसमें किया तो नहीं है।”

“काग़ज़ के लिए है, बेटा। कौन देखता है।”

वाक्य तिने बदललं. माझ्यासमोर, माझ्याच टेबलावर. प्रोग्राम कुणालाही बघता यावा म्हणून ती तो इंटरनेटवर ठेवणार होती, पानसुद्धा तयार करून ठेवलं होतं. आता ते ठेवता येणार नव्हतं, कारण प्रबंध एक सांगत होता आणि प्रोग्रामने दुसरं सांगितलं असतं. हे मला त्या क्षणी सुचलंही नाही. तिला सुचलं असणार.

मौखिक परीक्षेला आलेले बाहेरचे परीक्षक खूश होते. म्हणाले, “अच्छा हुआ आप फ्री वाले चक्कर में नहीं पड़ीं।” आमचे विभागप्रमुख माझ्याकडे बघून मोठ्याने हसले, कारण माझं कीर्तन त्यांना पाठ होतं. सगळे हसले. मीही हसलो. ती पाण्याचा ग्लास हातात धरून उभी होती.

त्यानंतर ती माझ्या कार्यशाळांना आली नाही. इंदूरच्या एका कॉलेजात लागली, रोज बसने जाऊन-येऊन करायची. दोनदा मी तिला बोलायला बोलावलं, दोन्ही वेळा तिने कॉलेजचं काम सांगितलं. आणि मी मात्र बोलत राहिलो. माझ्या पहिल्याच स्लाइडवर लिहिलेलं असायचं की जे उघडून तपासता येत नाही ते विज्ञान नाही. देवासला, शाजापूरला, आमच्याच सभागृहात, तीच स्लाइड.

दोन वर्षांनी एका रविवारी सकाळी ती माधव नगरला आमच्या घरी आली. मी पोहे खात होतो. तिने पर्समधून एक छापलेला ईमेल काढून माझ्यापुढे ठेवला. दुसऱ्या राज्यातली एक संशोधक, कापडावरच काम करणारी. तिने प्रबंध वाचला होता आणि ते पॅकेजही तिच्याकडे होतं. तिला आकडेमोड पुन्हा करून बघायची होती. कृपया फाइल पाठवाव्यात.

अशा फाइल जगात कुठेच नव्हत्या.

मी काय सुचवलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, सांगून टाक की संगणक खराब झाला, फाइल गेल्या. बायको दारात उभी होती. ती शाळेत शिकवते. खोटं बोलणारी मुलं तिला लांबून ओळखू येतात. ती म्हणाली, “वा. आणि पुढच्या रविवारी कुठे कीर्तन आहे?”

मुलगी तिच्याकडे न बघता मला म्हणाली, “तब हाथ आपका था, सर। इस बार मेरा होगा। मैं नहीं लिखूँगी।”

शेवटी तिनेच पत्र लिहिलं, माझ्याच लॅपटॉपवर. प्रबंधातलं ते वाक्य खरं नाही, आकडेमोड मुक्त साधनांनी केली आहे, खरा प्रोग्राम सोबत आहे. कारण तिने दिलं नाही, माझं नावही घेतलं नाही. पाठवायचं बटण दाबण्याआधी ती थांबली. मी काहीतरी बोलेन असं तिला वाटलं असावं. मी पोह्यांची बशी आत नेऊन ठेवली.

दहा-बारा दिवसांनी उत्तर आलं. त्या संशोधक बाईंनी प्रोग्राम चालवला होता, ओळ न्‌ ओळ वाचला होता आणि त्यांना त्यात एक चूक सापडली होती. कापडाचे उभे-आडवे धागे सारखे दाट नव्हते, म्हणून मुलीने चौकटी लांबट घेतल्या होत्या: एका दिशेने रुंद, दुसऱ्या दिशेने अरुंद. पण एका ठिकाणी प्रोग्राम दोन्ही बाजू सारख्याच धरत होता. त्यामुळे आडव्या दिशेने रंगाचा फैलाव खऱ्याहून कमी येत होता.

ती जागा मी तिला दिलेल्या तुकड्यात होती. मी कार्यशाळेत नेहमी चारी बाजू सारख्या असलेल्या चौकटी घेतो, शिकवायला सोप्या पडतात, म्हणून ती चूक कधी दिसलीच नव्हती. कित्येक वर्षं मी ती पेन ड्राइव्हवरून गावोगाव वाटत होतो. प्रोग्राम ठरल्याप्रमाणे इंटरनेटवर आला असता, तर कुणीतरी दोन वर्षांपूर्वीच ती दाखवली असती. आणि त्याच्याही आधी भैरवगढच्या एका माणसाने ती लांबूनच ओळखली होती. त्यांना मी कापडाच्या खळीबद्दल ऐकवून आलो होतो.

प्रबंधाचा मुख्य निष्कर्ष टिकला. एका प्रकरणातली चित्रं आणि आकडे बदलावे लागले. पण आता गप्प बसणं शक्य नव्हतं. मी विद्यापीठाला अर्ज लिहिला: परवाना क्रमांक मी भरला, अक्षर माझं आहे, विद्यार्थिनीने हरकत घेतली होती, वाक्य माझ्या सांगण्यावरून बदललं गेलं, आणि अमुक प्रकरणातल्या चुकीचा मूळ भागही माझाच. विभागप्रमुखांनी तो वाचून परत दिला. म्हणाले, “अहो, कशाला उकरताय? तिची डिग्री अडकली तर?” त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून अर्ज तिला वाचायला दिला. न पाठवण्याची सबब तिच्याकडून मिळेल, अशी थोडी आशा मला होती, हेही सांगायला हवं.

तिने दोनदा वाचला. एका शब्दावर बोट ठेवलं. “ये ‘बेचारी’ हटा दीजिए। बाकी भेज दीजिए।”

अर्ज घेऊन खिडकीशी गेलो तर तेच बाबू. त्यांनी विचारलं, कशात नोंदवू, शिकायत की आवेदन? मी म्हणालो, शिकायत. कुणाविरुद्ध? माझ्याविरुद्ध. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, संगणकात शोधलं आणि सांगितलं की तक्रार करणारा आणि ज्याच्याविरुद्ध आहे तो, दोन्ही ठिकाणी एकच नाव चालत नाही. शेवटी तो ‘अन्य’मध्ये गेला. सहा महिने झाले. दोनदा चौकशी केली. फाइल चालू आहे असं कळतं. तिची डिग्री अजून कुणी हलवली नाही, आणि दुरुस्तीही अजून कुणी स्वीकारली नाही. बसमध्ये रोज दोन तास तिच्या डोक्यात काय चालत असेल, ते मला माहीत नाही.

पान मात्र तिने लगेच खुलं केलं. दुरुस्त प्रोग्राम, तिचं नाव, त्या संशोधक बाईंचे आभार, वडिलांचं म्हणणं जसंच्या तसं. आणि एक ओळ: हा भाग माझ्या मार्गदर्शकांच्या प्रोग्राममधून घेतला होता, त्यात अमुक चूक होती. राग नाही, मोठेपणा नाही. ती ओळ मी पुष्कळदा वाचली आहे. भैरवगढला मात्र अजून गेलो नाही. रविवार आला की एखादी कार्यशाळा निघते, किंवा मी ती काढतो.

मागच्या महिन्यात कॉलेजच्या सुट्यांमध्ये एका सोमवारी आमच्याच कॉलेजात कार्यशाळा होती. पहिली स्लाइड काढून टाकून मी तिचं पान उघडलं आणि ती ओळ मोठ्याने वाचली. समोर तीसएक जण. मागच्या दोघी मोबाइल बघत होत्या. एका प्राध्यापकांनी लगेच संधी साधली: बघा, फुकटच्या गोष्टीत अशा चुका निघतात. मी सांगायला लागलो, की ती निघाली कारण उघडून बघता आली. तेवढ्यात चहा आला. माझं वाक्य कुणी पुरं ऐकलं की नाही, माहीत नाही.

सगळे उठल्यावर एक संशोधक मुलगी मी वायर गुंडाळत होतो तिथे आली. हातात तोच फॉर्म. रकानाही तोच.

“सर, इसमें नंबर क्या लिखूँ?”

“कुछ नहीं। लिखो, मुक्त।”

“वापस आ जाएगा सर। मेरी दीदी का आया था।”

मी म्हणालो, येईल. तिला ते उत्तर पुरेसं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. माझ्या खिशात पेन होतं. मी वायर पिशवीत टाकली, पिशवी खांद्याला लावली आणि तिला म्हणालो, चल, खिडकी चार वाजता बंद होते. मी येतो सोबत.