अक्कांचं राहिलेलं सांगणं

अक्का कुणाच्याही घरी आल्या की उंबरा सोडून आधी गोठ्यात शिरायच्या. गाईचा कान उलटा करून आत बघायच्या, मग शेपटीखाली, आणि त्यानंतर माणसांकडे तोंड करायच्या. "पह्यले गायना कान दखाड, मंग चहा," हे त्यांचं वाक्य मी लग्न होऊन पहूरजवळच्या या गावी आले त्याच आठवड्यात ऐकलं आणि मनात म्हटलं, ही कसली बाई! त्यांचं माहेर धुळ्याकडचं. इकडे जन्म गेला, तरी तोंडातला अहिराणी 'शे' गेला नाही. पाठीमागे सगळे त्यांना कानवाल्या अक्का म्हणत.

कमरेला एक डबी असायची, तळाशी ट्रॅक्टरचं थोडं डिझेल. गाईच्या अंगावरची गोचीड काढली की थेट डबीत. कुणी ती पायाखाली चिरडली, तर अंगावर धावून जायच्या. "एक गोचडीना पोटमां गाव रहास, बाई!" गोठ्याच्या भिंतीत फट दिसली की ती बुजवून घेतल्याशिवाय हलायच्या नाहीत. आमच्या ह्यांनी एकदा कुरकुर केली, तर स्वतःच शेणमाती कालवून बसल्या. हे बिचारे ओशाळून पाणी आणून देत राहिले.

त्यांचा आणखी एक नियम होता. दुसऱ्याच्या गोठ्यातलं दावं, मोरकी, झूल आपल्या गोठ्यात आणायची नाही. मला तो पाठ होता, आणि तरीही मी त्या पोळ्याला बोदवडकडच्या माझ्या माहेरून आरशांची झूल आणली. माझ्या वडिलांनी हातानं टाचलेली, त्यांच्या बैलांच्या अंगावरची. आमचा बैल ती पांघरून गावातून मिरवला, आणि खरं सांगते, मीच जास्त मिरवले. पोळा झाल्यावर ती गोठ्यातल्या खुंटीला टांगली, नेमकी चंद्रीच्या डोक्यावर. चंद्री आमची एकुलती संकरित गाय. सहा महिन्यांची गाभण, तरी दोन्ही वेळा बादली भरत होती.

पंधरा-वीस दिवसांत दूध निम्म्यावर आलं. कान तापलेले, डोळ्यांतून पाणी, धाप. अक्का आल्या, खांद्यापुढे चाचपलं आणि त्यांचा हात थांबला.

"गाठ शे. बाहेरथीन काही उनं का तुना घर?"

झूल मी सकाळीच ट्रंकेत दडवली होती. वडिलांच्या हातच्या वस्तूला कुणी नाव ठेवलेलं मला सोसवलं नसतं. "नाही हो अक्का," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मंग उन्हाना ताप व्हई. उद्या सकाळलोंग देखूत."

सकाळी चंद्री उठेना. हिरड्या पांढऱ्याफटक, रवंथ बंद. मी अनवाणी अक्कांकडे धावले, सगळं सांगून टाकलं आणि त्यांना घरी आणून ट्रंक उघडली. झुलीच्या शिवणीत एरंडीच्या बियांसारख्या गोचिडी दडून बसल्या होत्या. अक्का एवढंच म्हणाल्या, "डॉक्टरले फोन लाव."

डॉक्टरांनी कानातून रक्त घेतलं, इंजेक्शन दिलं. "गोचीड-ताप आहे. काल का नाही बोलावलं?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"चुकी मनी शे," अक्का म्हणाल्या. "गाठ मना हातले लागनी व्हती."

सगळे बाहेर गेल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. "गाय वाचू दे. मंग तुले सांगसू."

चंद्री वाचली. तिसऱ्या दिवशी वासरू टाकलं, आणि दूध पुन्हा कधी पहिल्यासारखं झालं नाही. अक्का महिनाभर रोज येत होत्या. झूल जाळा म्हणून मीच मागे लागले होते, पण त्यांनी ती मोठ्या पातेल्यात उकळली, चार दिवस घराच्या धाब्यावर वाळवली आणि घडी करून माझ्या हातात दिली. "बापना हात शे," म्हणाल्या. मला रडू आवरेना.

सांगणं मात्र राहिलंच. एकदा धीर करून मी आठवण केली. "अक्का, मला बोलणार होतात ना?" त्या चंद्रीच्या कानात बघत म्हणाल्या, "गाय आजून पुरी कोठे वाचनी?"

गेल्या चैत्रात अक्का गेल्या. आता डबी माझ्या कमरेला असते.

परवा गल्लीतल्या नव्या सुनेची गाय तापली. मी खांद्यापुढे हात लावला. गाठ होती. "बाहेरून काही आणलंस का?" मी विचारलं. "नाही काकू," ती खाली बघत म्हणाली.

मी आधी डॉक्टरांना फोन लावला. मग तिच्याजवळ बसले आणि तिला माझ्या झुलीची गोष्ट सांगितली.