दुसरा हात कुणाचा?

खालाला कुणी काही दिलं की ती वस्तूकडं नंतर बघायची, आधी देणाऱ्याच्या तोंडाकडं. "का देतोस?" हा तिचा पहिला सवाल. निवडणुकीतली साडी असो, शाळेतली दुधाची पावडर असो, की पाहुण्यानं आणलेली केळी असोत. देणारा गडबडायचा. लोक म्हणायचे, खाला उद्धट आहे. होतीच ती उद्धट. मला तिचं तेच आवडायचं.

किल्लारीच्या शेजारी आमचं गाव. खालाचा नवरा लवकर वारला. पदरात एक मुलगा, थोडी कोरडवाहू जमीन आणि घरात शिलाईची मशीन, एवढ्यावर तिनं संसार ओढला. खरं नाव तिला स्वतःला तरी आठवत होतं की नाही कोण जाणे. माझ्या सासूपासून शेंबड्या पोरापर्यंत सगळ्यांची ती खालाच, मुसलमानांत मावशीला म्हणतात ती. तिचं दार आणि माझं दार समोरासमोर. तिच्याकडची खिचडी माझ्याकडं यायची, माझ्याकडचं पिठलं तिच्याकडं जायचं. आमच्यात रीत अशी, की आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. एकदा माझ्या घरात काहीच नव्हतं, म्हणून मी वाटी नुसती घासून दिली. तिनं ती माझ्या उंबऱ्यावर आणून ठेवली. म्हणाली, "सावकाश दे पारू, पन भरून दे. रिकाम्या वाटीनं मानूस लहान हुतंय."

मोठ्या दुष्काळात आम्ही दोघी खडी फोडायला जायचो. रेशनला लाल ज्वारी आली होती. अमेरिकेची म्हणे. थापायला घेतली की भाकरी फुटायची, आणि खाल्ली की पोटात दगड. आमची म्हैस तिला तोंड लावत नव्हती. आम्ही लावलं, कारण म्हशीला निदान कडबा तरी होता. त्या धान्याच्या कापडी पोत्यावर एक चित्र होतं. दोन हात, एकमेकांच्या हातात दिलेले. खालानं पोतं उलटंसुलटं करून पाहिलं.

"ह्यो एक हात त्यांचा. दुसरा कुणाचा गं?"

"आपला असंल," मी म्हणाले.

"मी कवा दिला?"

कापड मात्र चांगलं दणकट होतं. खालानं गल्लीतल्या सगळ्या पोरांना त्याच्या चड्ड्या शिवल्या. बरोबर बुडावर ते दोन हात यायचे. माझ्या थोरल्याला लाज वाटायला लागली, तर ती म्हणाली, "बस की त्यांच्या दोस्तीवर, ऊब लागंल."

एक पोतं मात्र तिनं कापलं नाही. त्याची दोरी ओढायची पिशवी शिवली आणि ट्रंकेत ठेवून दिली. मी विचारलं तर म्हणाली, "का दिलं ते न सांगता दिलं, आन मी न इचारता खाल्लं. लेकरू भुकेजलं हुतं. पन भांडं माझ्याकडं पडून हाय. ते भरून धाडल्याबिगर मी मरायची न्हाई." मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलंय हिचं.

त्याच काळात लाल बावट्याचा एक कार्यकर्ता सायकलवरून गावात यायचा. रशियाची गुळगुळीत मासिकं जवळजवळ फुकट वाटायचा. आम्ही त्यांची पोरांच्या पुस्तकांना कव्हरं घालायचो. त्यांत लाल गालांच्या बाया ट्रॅक्टरवर बसून हसत असायच्या. खालानं त्यालाही विचारलं, का देतोस? तो लिंबाखाली बसला आणि सांगायला लागला. महायुद्ध संपलं, दोन बलाढ्य सत्ता उरल्या, आता गरीब देश आपल्या बाजूला यावेत म्हणून दोघी झटतायत, अमेरिका धान्य धाडते, रशिया पोलादाचे कारखाने बांधून देते. खाला काजं करत ऐकत होती. शेवटी दोरा दातानं तोडून म्हणाली, "म्हंजे दोघी जावा हायेत. एकमेकीशी बोलत न्हाईत, आन शेजारच्या पोराला बोलवून बोलवून खाऊ घालतेत. पोराला वाटतंय, माझ्यावर लई जीव हाय."

"खाला, रशियाचं तसं न्हाई," कार्यकर्ता दुखावला.

"तुजं ताट तिच्याकडं हाय बाबा. तू तसंच म्हननार."

बाजू कुठली, हा प्रश्न तिला आधीही एकदा विचारला गेला होता. बांगलादेशची लढाई चालू होती. अमेरिकेचं जहाज आपल्यावर निघालंय, रशिया आपल्या पाठीशी आहे, अशा गप्पा पारावर रंगल्या होत्या. एका टोणग्यानं जाता जाता तिला विचारलं, "काय खाला, तुमची बाजू कोनती?" ती थांबली. "माझा नवरा ह्याच मातीत पुरलाय. तुज्या अंगावरचा सदरा मी शिवलाय. काढ आदी त्यो सदरा, मंग इचार बाजू." तो टोणगा नंतर कितीतरी दिवस आमच्या गल्लीतून गेला नाही.

पुढं रशिया मोडला. मासिकं बंद झाली. कार्यकर्त्यानं सायकल विकली आणि लातूरला झेरॉक्सचं दुकान टाकलं. खाला म्हणाली, "एक जाव मेली. आता बग, दुसरी ताट आवरती का न्हाई." सगळंच काही तिच्या म्हणण्यासारखं झालं नाही, पण खत महागलं, दवाखाना महागला, आणि नवीन शाळा निघायच्या त्या पैसे मोजणाऱ्यांसाठी.

मग भूकंप झाला. खालाचा मुलगा गेला, सून गेली. पाच वर्षांची नात, नसीम, लाकडाच्या तुळईखाली सापडली, पाय फाटलेला. याहून जास्त मी लिहिणार नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना माहीत आहे.

परदेशातून डॉक्टर आले, तंबू पडले. एका गोऱ्या डॉक्टरनं नसीमचा पाय शिवला, पट्टी बांधली. खालानं माझ्याकडून चटणी-भाकरी मागून घेतली आणि त्याच्यापुढं धरली. तो हात जोडून नको म्हणाला. सोबतचा दुभाषी मुलगा म्हणाला, "आजी, भूकंपवाल्यांकडून काही घ्यायचं नाही असा त्यांचा नियम आहे."

"असं?" खाला खाली बसली आणि नसीमच्या पायाची पट्टी सोडायला लागली. "त्याला म्हन, तुजी पट्टी घेऊन जा. आमचा बी नेम हाय."

मी ओरडले, "खाला, येडी झालीस का? लेकराचा पाय जाईल!"

"घर गेलं. पोरगा गेला. आता मान बी देऊ का?"

तिचे हात थांबत नव्हते. पट्टीचा एक वेढा सुटला होता. डॉक्टरला शब्द कळत नव्हते, पण तिचं तोंड कळलं. त्यानं झटकन अंगातला कोट काढला आणि त्याचा फाटलेला खिसा तिच्यापुढं केला. खालाच्या पदराला खोचलेली सुई भूकंपातही पडली नव्हती. तिनं तिथंच बसून खिसा शिवला. त्यानं पट्टी पुन्हा बांधली. हिशेब मिटल्यासारखी दोघं एकमेकांकडं बघून हसली. मला त्या दिवशी पहिल्यांदा रडू आलं.

नसीमला शिकवायचं म्हणून खाला लातूरला गेली. तिथं क्लासच्या गल्लीत गावोगावची पोरं डॉक्टर-इंजिनिअर व्हायला येत होती. त्याच कार्यकर्त्याच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर मशीन टाकून ती त्यांच्या दप्तरांच्या चेनी बसवायची. पोरांना म्हणायची, "पुस्तकं कमी भरा रे, चेन तुटती तसं डोस्कं बी तुटंल." नसीम डॉक्टरकीला थोडक्यात हुकली. तेव्हा जुना कार्यकर्ता म्हणाला, "रशियात धाडा. तिथं डॉक्टरकी हितल्यापेक्षा स्वस्त पडती."

"का देतात?"

"आता देत न्हाईत खाला. इकतात."

"मंग बरं. इकत घेतलं की मान वर ऱ्हाती." तिनं गावाकडची जमीन विकली. नातेवाईक तोंडाला येईल ते बोलले. तिनं एकाचंही ऐकलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी लातूरला गेले. खालानं ढिगाऱ्यातून वाचलेल्या ट्रंकेतून ती हातात हात असलेली पिशवी काढली होती आणि तीत कारळाची चटणी गच्च भरत होती.

मी म्हणाले, "खाला, ही पिशवी अमेरिकेची. पोरगी चाललीय रशियाला."

"जावा जावाच न्हवं का त्या? एकीकडं दिलं की दुसरीला पोचतंय."

"एक तर मेली म्हनत हुतीस."

"घर तर हाय ना? त्यांच्या दारात ठिवायचं, बास." तिनं दोरी आवळली आणि हात झटकले. इतकं हलकं झालेलं तिचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं.

त्या थंडीत ती गेली. मशीनवर बसल्या बसल्याच.

नसीम सुट्टीला आली ती सरळ माझ्याकडं. तिच्या वसतिगृहावर एक म्हातारी राखणीला आहे. चटणी खाऊन तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी ती रोज मागायची. पिशवी रिकामी झाली तेव्हा तिनंच ती धुतली, वाळवली आणि सफरचंदाच्या सुकवलेल्या फोडींनी भरून नसीमच्या हातात दिली. त्यांच्याकडंही भांडं रिकामं देत नाहीत म्हणे.

फोडी आंबट आहेत, आणि चामड्यासारख्या. माझ्या दातांचं हे काम नाही, पण सगळ्या खाल्ल्या. आता खालाची पिशवी माझ्या घरात पडली आहे. स्वतः सुटली आणि मला अडकवून गेली बाई. नसीम परवा निघणार. गुडघे दुखतात, चुलीपुढं बसवत नाही. कारळं भाजायला टाकलीत.